राष्ट्रीय परीक्षक, मुक्काम वडूज

वडूजमध्ये चित्रपट समीक्षक नसलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. एसटी स्टँडसमोर कटिंग पिणारा कुणीही 'सैराट'चा शेवट कसा करायला हवा होता ते सांगतो, आणि नागराज मंजुळे समोर असते तर त्यांनाही ऐकवलं असतं. माझ्यात नि त्यांच्यात फरक एवढाच, की मी माझं मत एका स्थानिक साप्ताहिकात छापून आणत असे. जागा ठरलेली: वर दशक्रियेचं निवेदन, खाली खताची जाहिरात, मधे मी. मानधन नव्हतं, पण अंक फुकट मिळायचा. तो घडी करून खिशात ठेवायचा आणि कुणी विचारलं नाही तरी दाखवायचा, हा माझा नेम होता.

अशात मला फिप्रेसीचा शोध लागला. जगभरच्या समीक्षकांचा हा महासंघ १९३० साली ब्रुसेल्सला स्थापन झाला. देशोदेशीच्या राष्ट्रीय संघटना त्यात असतात, आणि मोठ्या महोत्सवांत त्यांचे परीक्षक स्वतंत्र पुरस्कार देतात. आपल्या चैतन्य ताम्हाणेंच्या 'द डिसायपल'ला २०२० साली व्हेनिसला तो मिळाला. म्हणजे मराठी सिनेमाचं आणि त्या मंडळींचं जमतं. शिवाय त्या पुरस्काराबरोबर रोख रक्कम येत नाही, हे वाचून मला भरूनच आलं. पैसा न देता मान देण्याची इतकी जुनी आंतरराष्ट्रीय पद्धत असताना खटाव तालुक्यानं मागं का राहावं?

भारतातही त्यांची शाखा आहे. पण तिथं सभासद व्हायचं तर आधी त्यांनी आपल्याला समीक्षक मानायला हवं. ही अट मला जाचक वाटली. त्यापेक्षा स्वतःचीच संघटना काढणं सोपं. पतसंस्था, दूधसंस्था काय वेगळ्या निघतात?

सभासद तिघे. मी, एका दवाखान्यातले कंपाउंडर आणि निवृत्त एसटी कंडक्टर असलेले आमचे आबा. नावात 'राष्ट्रीय' घालायचं की 'अखिल भारतीय', यावर आमचं बराच वेळ जुंपलं. शेवटी शिक्केवाल्यानं अक्षरं मोजली आणि 'राष्ट्रीय' ठरलं.

आबांची तयारी मात्र खरी होती. पुसेगावच्या यात्रेतल्या तंबूत जमिनीवर बसून त्यांचं शिक्षण झालं, आणि पुढं मुक्कामाची गाडी घेऊन जिथं जातील तिथं लास्ट शो पाहून त्यांनी ते वाढवलं. त्यांची कसोटी एकच. "पब्लिक कुठल्या रिळाला मुतायला उठतं, तेवढं बघायचं. बाकी समदं तुमचं लिव्हणं." आजवर वाचलेल्या समीक्षेत मला याहून नेमकं काही सापडलेलं नाही.

मंडळाचं पहिलं काम चालून आलं. गणपतीत एका मंगल कार्यालयात लघुपट महोत्सव ठरला आणि परीक्षक म्हणून आम्हाला बोलावणं आलं. मुख्य प्रायोजक एक गलाईवाले काका. आपल्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलीत, त्यांतले हे. केरळात तीस वर्षं काढून परतलेले. महोत्सवात त्यांच्या पुतण्याचाही लघुपट होता. यात काही वावगं आहे, असं आम्हा तिघांपैकी एकालाही वाटलं नाही.

उद्घाटनाला मी बोललो. शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ'चं मूळ आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या, औंध संस्थानच्या खुल्या तुरुंगात. लिहिणारे गदिमा, तेही माडगूळचे. चित्रपटाला १९५८ साली बर्लिनला रौप्य अस्वल मिळालं. "म्हणजे," मी आवाज चढवला, "आपल्या भागातले कैदी बर्लिनला जाऊन आले, आणि आपले परीक्षक अजून दहिवडीच्या पुढं गेलेले नाहीत!" टाळ्या पडल्या. तेवढ्यात मी इटलीच्या नववास्तववादाकडे वळलो आणि आबांच्या कसोटीप्रमाणे पहिली रांग उठली.

लघुपट सुरू झाले. पुतण्याच्या लघुपटात येरळेचं कोरडं पात्र ड्रोननं वरून इतकं दाखवलं होतं, की ते जलसंधारण खात्याला उपयोगी पडावं. मधेच पडद्यावर डॉक्टर आले आणि नाडी धरून "वेळ हातची गेली" म्हणाले. ते आमचे कंपाउंडर होते. नायिकेच्या जावेच्या भूमिकेत आबांची सूनबाई होती. मी दोघांकडे तिरस्कारानं पाहिलं. मग शेवटी ऋणनिर्देशात 'विहीर व गोठा' यापुढं माझं नाव आलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शूटिंगला गोठा मागायला एक पोरगं आलं होतं खरं. मला वाटलं प्री-वेडिंग असेल.

परीक्षकाचा चित्रपटाशी संबंध नसावा, हा जगभरचा साधा नियम. तो पाळायचा तर तिघांनीही उठायला हवं होतं. आम्ही गुप्त मतदान घेतलं. भारतातल्या फिप्रेसीनं २०२२ साली असंच मतदान घेऊन 'पथेर पांचाली'ला सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपट ठरवलं होतं. पण तिथं मतं होती तीस. तीन चिठ्ठ्यांत गुप्त काय राहणार? त्यात एक औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेली होती. दोन विरुद्ध एक मतानं पुतण्या जिंकला. विरोधी मत कुणाचं, ते प्रमाणपत्राची शाई वाळायच्या आत वडूजला कळलं.

काकांनी प्रमाणपत्र उलटून पाहिलं, पाकीट नाही हे हेरलं आणि शांतपणे विचारलं, "आमच्याकडं ॲसिडात टाकल्यावर कळतं माल किती टंच. तुम्ही कशात टाकता?"

उत्तर मी साप्ताहिकात दिलं. ड्रोन जरा खाली उतरवला असता तर माणसं दिसली असती, एवढंच वाक्य. पुढच्या अंकातून काकांच्या गटाची जाहिरात गेली, तिच्यामागून माझं सदर गेलं. कंपाउंडर आणि आबांनी 'सदर मत परीक्षकांचे वैयक्तिक असून मंडळ त्याशी सहमत नाही' असं पत्रक काढलं. त्यावर शिक्काही होता. माझ्याच पैशानं केलेला.

तेव्हा संघटना कशासाठी असते ते मला नीट समजलं. मुंबईत १९६८पासून प्रभात चित्र मंडळ आहे; तिथं माणसं जमून सिनेमा बघतात, भांडतात आणि दुसऱ्या दिवशी वेगवेगळ्या लोकलनं कामाला जातात. इथं ज्याच्या लघुपटाला वाईट म्हणायचं, त्याच्याच शेजारी बसून कटिंग प्यायचा असतो. एकट्यादुकट्याला खरं बोलणं परवडत नाही. चार लोकांनी पाठीशी उभं राहावं म्हणून संघटना. आणि ती चार माणसं शक्यतो आपल्या भावकीतली नसावीत, म्हणून राष्ट्रीय.

मंडळ अजून चालू आहे, आबांच्या अध्यक्षतेखाली. मला त्यांनी सल्लागार नेमलंय, म्हणजे बैठकीला बोलावत नाहीत. तरी लघुपट करणाऱ्यांना माझी विनंती आहे. जरूर पाठवा, बघून दोन ओळी फुकट लिहून देईन. फक्त लघुपट खटाव आणि माण तालुक्यांबाहेरचा असावा, आणि शूटिंगला गोठा कुणाचा घेतलात ते आधी कळवावं.