करवत कोणाच्या हातात?

'लेदरफेस : टेक्सस चेनसॉ मॅसेकर ३' हा करवतधारी खुन्याचा १९९०चा भयपट फसला, त्याचं खापर आजही कात्रीवर फोडलं जातं. कात्री चालली, यात वाद नाही. अमेरिकेत 'आर' प्रमाणपत्र (लहानांना मोठ्यांसोबतच प्रवेश) मिळावं म्हणून तो श्रेणी ठरवणाऱ्या मंडळाच्या परीक्षकांकडे अकरा वेळा धाडावा लागला, दर खेपेला आणखी थोडा छाटून. फक्त प्रौढांसाठीचं 'एक्स' घेऊन लावावा, तर ते अक्षर अश्लीलपटांनी कधीच बळकावलेलं. वर्तमानपत्रं जाहिरात घेत नसत, थिएटरवाले अशा चित्रपटाला दारात उभं करत नसत. अश्लीलपट नसलेल्या प्रौढ चित्रपटांसाठी 'एनसी-१७' ही वेगळी श्रेणी आली सप्टेंबर १९९०मध्ये. हा बिचारा जानेवारीतच येऊन गेला होता. ब्रिटनने तर प्रमाणपत्रच नाकारलं.

माझा राग मात्र आधी न्यू लाइन या स्टुडिओवर आहे. फ्रेडी क्रूगर या खुनी पात्राच्या भयपटमालिकेवर गब्बर झालेल्या या कंपनीने रक्तबंबाळ भयकथांसाठी ओळखला जाणारा डेव्हिड शो पटकथेला बसवला. त्याने ठरल्याप्रमाणे रक्त सांडलं, तेव्हा हेच घाबरले. टेक्ससची गोष्ट कॅलिफोर्नियात चित्रित झाली. दिग्दर्शक जेफ बर याला मध्येच काढलं आणि परत बोलावलं. नोव्हेंबर १९८९ची तारीख हुकली. ज्या माणसाच्या डोक्यावर अशी टांगती तलवार आहे, त्याने प्रेक्षकाच्या पोटात गोळा कसा आणायचा?

कोणी म्हणेल, टोबी हूपरच्या १९७४च्या मूळ चित्रपटात तरी कुठे रक्ताचे पाट आहेत? नाहीतच. मुलीला खाटकाच्या आकड्याला अडकवतात, तो आकडा अंगात शिरताना दिसत नाही, आणि आपण तो पाहिला अशी शपथ घ्यायला तयार असतो. पण ते न दाखवणं हूपरने कॅमेरा लावतानाच ठरवलं होतं. आधी आवाज, मग चेहरा, मग शांतता, अशी त्याची बांधणी होती. बरने दाखवण्यासाठी म्हणून घेतलेलं दृश्य मागाहून कापलं, की हातोडा उगारलेला दिसतो आणि पुढच्या क्षणी भलतंच काही चाललेलं असतं. दचकायला लागणारा तो अर्धा क्षणच गायब. संयम आणि काटछाट यांत एवढा फरक आहे, आणि तो खुर्चीत बसलेल्या माणसाला अंगावर कळतो.

सगळ्यात जास्त खुपतो तो शेवट. केन फोरीने रंगवलेला, खुन्यांशी झुंजणारा बेनी मूळ शेवटात मरत होता. स्टुडिओने नवा शेवट चित्रित करून त्याला जिवंत ठेवलं. करवतीच्या तडाख्यात सापडलेला माणूस डोकं बांधून ठणठणीत हजर! यामागे कुठलं मंडळ नव्हतं, कुठली श्रेणी नव्हती. पुढे व्हिडिओवर कात्री न लागलेली आवृत्ती आली, कापलेलं रक्त बरंचसं परतलं. बेनी तिथेही जिवंतच आहे.