हमखास गृहस्थ

फ्लॅटमधल्या एका बेडरूमचा स्टुडिओ झाला की घरात एक खास गृहस्थ तयार होतो. भिंतींना अंड्यांचे ट्रे, दारामागे जुनी गादी, टेबलावर ऑडिओ इंटरफेस आणि कानांवर हेडफोन. हा गात नाही, वाजवत नाही, नुसता ऐकतो. खोलीत डोकावणाऱ्या प्रत्येकाला तो एकच प्रश्न विचारतो, “येतोय ना?” बायको “हो” म्हणते, कारण “नाही” म्हटलं की हेडफोन तिच्या कानांवर येतो. येतो तो हम, म्हणजे विजेच्या यंत्रांमधून येणारी अखंड गुणगुण. आणि तो खरंच येतो, हे आधी मान्य करायला हवं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हम ५० आणि त्याच्या पटीत, १०० वगैरे. पांढरी पाचमध्ये गाणाऱ्या बाईंच्या तानपुऱ्याचा खरज साधारण ९८ हर्ट्झचा असतो. त्याच्या शेजारी हा १०० चा पाहुणा बसला की सेकंदाला दोन हेलकावे मिळतात. वर कॉम्प्रेसर लावला, तर दोन ओळींमधल्या शांततेत तोच डोकं वर काढतो. तेव्हा गृहस्थांचा कान पक्का आहे. कच्चा आहे तो तपास.

त्यांना आरोपी हवा असतो, आणि तोही बदलून आणता येईल असा. काल केबल, आज माइक, उद्या इंटरफेस. पण घरातला बराचसा हम कुठल्याच वस्तूत नसतो. तो वस्तूंच्या जोडणीत असतो. लॅपटॉपचा तीन पिनांचा चार्जर एका भिंतीवर, स्पीकर दुसऱ्या भिंतीवर. दोघांचं अर्थिंग आहेच. शिवाय ऑडिओ केबलचं शिल्डही दोघांना जोडतं. वळसा पूर्ण होतो, त्यातून नको तो प्रवाह फिरतो आणि स्पीकरमधून ऐकू येतो. दोन सज्जन एकाच सोसायटीच्या कमिटीवर घेतल्यासारखंच हे: सुटे असताना कुणाविरुद्ध तक्रार नाही. याचा पुरावा दिवे गेले की आपोआप मिळतो. लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस त्याच्याच यूएसबीवर आणि हेडफोनमध्ये निखळ शांतता. एवढ्यावरून चार्जरवर संशय यायला हरकत नव्हती. गृहस्थ मात्र निष्कर्ष काढतात की आपल्याकडे येणारी वीजच भेसळीची आहे.

यावर ते म्हणतील, वस्तू बदलून हम जातोच की! सेथ लव्हरने १९५५ मध्ये गिब्सन या गिटार कंपनीसाठी हमबकर पिकअप केला तो काय उगाच? मुद्दा बरोबर आहे. सिंगल कॉइलची गिटार हवेतला हम पकडते आणि दोन उलट्या कॉइल तो एकमेकांत जिरवतात. पण तो इलाज गिटारच्या पिकअपचा. अर्थिंगचा वळसा त्याने सुटत नाही. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची झरझरही वेगळी. ती रेग्युलेटर बंद केला की थांबते, फक्त मे महिन्यात गायकही थांबतो. राहिला अर्थची पिन मोडण्याचा जालीम उपाय. त्याने हम जातो, हे खोटं नाही. पण आत काही बिघडलं तर २३० व्होल्ट धातूच्या खोक्यावर येतात, आणि मग गायकाला जो सूर लागतो तो कुठल्याच घराण्यात शिकवत नाहीत. सगळी यंत्रं एकाच बोर्डवर घेणं, बॅलन्स्ड केबल वापरणं, एकेक प्लग काढून ऐकणं, हे सगळं जवळपास फुकटात होतं. नेमकी तीच अडचण आहे. फुकटच्या उपायावर विश्वास बसत नाही, आणि बसलाच तरी एकेक प्लग काढण्याइतका धीर नसतो. म्हणून एका संध्याकाळी गृहस्थ नवी केबल लावतात, स्पीकर सरकवतात, चार्जर दुसऱ्या बोर्डवर घेतात आणि महागडा पॉवर कंडिशनरही जोडतात. हम जातो. दुसऱ्या दिवशी ते मित्राला फोन करून कंडिशनरचं मॉडेल लिहून घ्यायला सांगतात.