घेऊ नका, बघा तरी!

चांगलं दुकान कुठलं, या विषयावर आमच्या दाजींशी वाद घालायचा नसतो. कोल्हापुरात महाद्वार रोडला त्यांचं साड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक उठून गेल्यावर गादीवर मोडलेल्या साड्यांचा जो ढीग उरतो, त्याच्या उंचीवरून ते दुकानाची पत ठरवतात. एखादी बाई ‘साधी काठपदर दाखवा’ म्हणत आत येते. ती चप्पल काढून पांढऱ्या गादीवर टेकेपर्यंत सेल्समनने पाच-सहा साड्या फेकलेल्या असतात. ते फेकणं बघत बसावं असं आहे. घडीचं टोक चिमटीत, मनगटाला एक हिसका, आणि पदर अचूक बाईंच्या गुडघ्यापाशी येऊन पडतो. मग हा भरघोस मिशांचा गडी पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकतो, निऱ्या धरतो आणि म्हणतो, “घेऊ नका वहिनी, बघा तरी!” तेवढ्यात चहा येतो. चाळीस साड्या मोडून बाई ‘यांना घेऊन परत येते हं’ म्हणत उठल्या, तरी दाजींच्या कपाळावर आठी नाही. उलट पहिल्या-दुसऱ्याच साडीला पसंती देऊन पैसे मोजणारं गिऱ्हाईक त्यांना बेचैन करतं. ती बाई उद्या गल्लीत सांगणार, “त्यांनी काही दाखवलंच नाही.”

असे हे दाजी लेकीकडे स्टुटगार्टला गेले. माझी भाची तिथे मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तिने त्यांना किराणा आणायला नेलं. तिथली गल्ल्यावरची बाई खुर्चीत बसून असते आणि तिचे हात पत्ते पिसल्यासारखे चालतात. माल फिरवून बघण्यात क्षण जाऊ नये म्हणून स्वस्त दुकानांतल्या पुड्यांवर बारकोड चांगला लांबलचक आणि एकाहून जास्त बाजूंना छापलेला असतो. दूध, साखर, बटाटे धडाधड पुढे येतात, आणि पिशवी आपली आपण भरायची. दाजींनी सवयीने बाईंची चौकशी करायला तोंड उघडलं, तोवर मागच्या गिऱ्हाइकाचे टोमॅटो त्यांच्या दुधावर येऊन आदळले.

“बाईंना माझा राग आलाय काय गं?” त्यांनी बाहेर येऊन विचारलं.

“नाही ओ बाबा. इथं हीच चांगली सर्व्हिस. कुणाचा वेळ खाल्ला नाही.”

“मी रिकामाच हाय न्हवं? खा म्हणावं की!”

दाजींना हे पटणं शक्य नव्हतं. पण मोठमोठ्यांनाही जर्मन गिऱ्हाईक कळलेलं नाही. वॉलमार्ट 1997 मध्ये जर्मनीत शिरली ती अमेरिकेतली आपली रीतभात बरोबर घेऊन. दारात स्वागताला माणूस, गल्ल्यावर हसरा चेहरा, पिशवी भरून द्यायला पोरं. जर्मन माणूस बिचकला. हा अनोळखी इसम मला बघून का हसतोय? आणि दुसरा माझ्या बटाट्यांना हात का लावतोय? काही पुरुष गिऱ्हाइकांनी तर त्या हसण्याचा भलताच अर्थ काढला. गिऱ्हाइकाकडे बघून हसा म्हणणाऱ्या याच कंपनीने कर्मचाऱ्यांनी आपसात प्रेमप्रकरणं करू नयेत असाही नियम काढला होता. तो 2005 मध्ये तिथल्या कामगार न्यायालयाने मोडीत काढला. 2006 मध्ये आपली 85 दुकानं विकून कंपनी घरी परतली. एकट्या हसण्याने ती बुडाली असं कुणी म्हणणार नाही. तिच्याहून स्वस्त विकणारे तिथे आधीपासून पाय रोवून होते. पण हसणं कामी आलं नाही, एवढं नक्की.

मी ही हकीकत सांगितल्यावर दाजींनी निकाल दिला, “दारात माणूस उभा केला आणि चहा न्हाई विचारला? मग चालंल कसं?”

सेवा मोजायचं शास्त्रही आहे. परसुरामन, झाइथामल आणि बेरी या अमेरिकेतल्या तीन प्राध्यापकांनी 1988 मध्ये 22 विधानांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. गिऱ्हाइकाने काय धरून चाललं होतं आणि पदरात काय पडलं, यातली तफावत म्हणजे दर्जा. तत्परता आहे, भरवसा आहे, आपुलकीसुद्धा आहे. परसुरामन आयआयटी मद्रासचे, तरी यादीत चहा नाही. मोजपट्टी उत्तम आहे, फक्त ‘काय धरून चाललं होतं’ हे गिऱ्हाईक घरून आणतं. त्याच्या आजीने, गावाने आणि गावातल्या वाण्याने ते आधीच ठरवलेलं असतं.

मी पुण्यात पेठेत राहतो, त्यामुळे जर्मनी मला दाजींपेक्षा लवकर कळते. वर्तमानपत्रातून मान वर न करता ‘नाही’ म्हणणाऱ्या दुकानदाराचा आम्हाला राग येत नाही. उलट, याला गोड बोलायची गरज पडत नाही म्हणजे माल चोख असणार, असा आमचा हिशोब. गोड बोलणारा दिसला की आम्ही वजनकाट्याकडे बघतो. जर्मनीत रविवारी दुकानं बंद म्हणजे बंद; त्यांचा दुकानं बंद ठेवायचा कायदाच 1956 सालचा आहे. आम्ही दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणं कायद्याशिवाय पाळत आलो. बाकरवडीवाल्या चितळ्यांनी 2017 मध्ये दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरवलं, तेव्हा सोय झाली खरी, पण मला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. ज्याला आपली गरज नाही त्याच्याकडून बाकरवडी मिळवण्यात एक कर्तबगारी होती. आता काय, कुणीही दोन वाजता जाऊन आणतं.

मागच्या दिवाळीत भाचीबरोबर तिची जर्मन मैत्रीण आली आणि दाजींनी तिला मानाने गादीवर बसवलं. तिला एक सुती साडी हवी होती. भाची तिला बसवून समोर चपला बघायला गेली. पहिलीच साडी बाईंना आवडली, त्यांनी मानही डोलावली. पण मिशीवाला थोडाच थांबतो! त्याने दुसरी फेकली, तिसरी फेकली. आपल्यापायी या माणसाला केवढे कष्ट, असं वाटून बाईंनी साड्यांच्या घड्या घालायला सुरुवात केली. काठाला काठ लावून, कोपरे जुळवून, इस्त्री केल्यासारख्या. मिशीवाल्याला वाटलं, नापसंत. त्याने इरकल काढली, बाईंनी घडी घातली. त्याने पोराला माळ्यावर पिटाळून रेशमी गठ्ठा उतरवला. बाईंनी बाह्या वर सारल्या. भाची परतली तेव्हा दोघंही घामाघूम झाले होते, आणि दाजी गल्ल्यावर उभे राहून हा सामना आ वासून बघत होते. बाईंनी पहिलीच साडी घेतली, मोजून पैसे दिले आणि निघाल्या.

मिशीवाला रडकुंडीला आला. “मालक, माझं काय चुकलं? एक मोडलेली साडी शिल्लक ठेवली न्हाई बाईंनी.”

दाजींनी त्या स्वच्छ, मोकळ्या गादीकडे बघितलं आणि मग रस्त्याकडे.

“ते ऱ्हाऊ दे. आधी धा-बारा साड्या मोड बघू. रिकामी गादी दिसली तर गिऱ्हाईक आत येईल व्हय?”