समुद्रासाठी सुरी, नागपुरातून

नागपूरला समुद्र नाही, आणि खरं सांगायचं तर इथल्या माणसाला ते फारसं बोचतही नाही. फुटाळ्याच्या काठावर संध्याकाळी भाजलेलं कणीस हातात घेऊन बसलं की लाटांची उणीव मीठ-लिंबू भरून काढतं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो तेव्हा हवेत ओल नावाची गोष्ट कधी होती यावर विश्वास बसत नाही. अंगणात विसरलेला खिळासुद्धा महिनोन्‌महिने नव्या नवरदेवासारखा चकचकीत राहतो. अशा कोरड्या गावात बसून मी हल्ली खाऱ्या पाण्यात कोणतं पोलाद टिकेल याचा विचार करत असतो. कारण भाची. ती लग्न होऊन मालवणला गेली आणि पहिल्याच पावसाळ्यात रुखवतातल्या तिच्या सुऱ्यांवर तांबूस ठिपके उमटले. ‘मामा, तिकडून एखादी न गंजणारी पाठवा ना,’ असं ती सहज म्हणाली. जिच्या खिडकीतून समुद्र दिसतो तिने मासे कापायची सुरी माझ्याकडे मागावी, यातला विनोद तिच्या लक्षात आला नसावा. मी तो लक्षात आणून दिला नाही. भाचीने काही मागावं असे प्रसंग लग्नानंतर तसेही कमी होत जातात.

इतवारीतल्या दुकानदाराने मात्र प्रश्न चुटकीसरशी मिटवला. ‘स्टेनलेस आहे ना भाऊ, कायले गंजते?’ त्याच्या बोलण्यात नागपूरपुरतं सत्य होतं. पोलादात साधारण साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम असलं की पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचा पदर धरतो. तो डोळ्यांना दिसत नाही, आणि ओरखडा गेला तर हवेतला प्राणवायू घेऊन स्वतःच सांधतो. पण मिठातला क्लोराइड मोठा चिकाटीचा. तो त्या पदरातली एखादी कच्ची जागा हुडकतो आणि तिथेच बसतो. वरून ठिपका टाचणीच्या टोकाएवढा, आत मात्र पोकळी वाढत राहते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आणि मालवणात सुरी पाण्यात बुडवायचीही गरज नाही, वारा ते काम घरपोच करतो.

मग ३१६ जातीचं पोलाद घ्यावं का? त्यात मॉलिब्डेनम असतं, बोटींच्या कड्या-कठडे त्याचे करतात. पण ते तापवून विझवलं तरी कडक होत नाही, त्यामुळे धार धरत नाही. त्याची पळी उत्तम होईल. उलट ४४०सी. यात टक्काभर कार्बन, धार कशी लखलखीत! पण तोच कार्बन क्रोमियमचा बराचसा वाटा स्वतःशी बांधून घेतो आणि राखणीला उरतं ते थोडं. धार हवी तर गंज सोसा, गंज नको तर बोथटपणा सोसा: निवड बहुधा याच दोन टोकांमध्ये फिरते. कार्बनची जागा बरीचशी नायट्रोजनला देऊन हा पेच सोडवणारी एच-१ आणि एलसी२००एन अशी पोलादंही आहेत, पण त्यांची किंमत ऐकल्यावर पापलेटसुद्धा शाकाहारी व्हावं.

तरी भाचीची मागणी मला हळूहळू रास्त वाटू लागली. लोखंडाच्या बाबतीत आमचा जिल्हा काही कालचा नाही. इथल्याच नायकुंडला उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, इसवी सनापूर्वीची. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोराबजी टाटा एका अधिकाऱ्याला भेटायला नागपुरात आले. साहेब जागेवर नव्हते, म्हणून वेळ काढायला ते समोरच्या संग्रहालयात, आमच्या अजब बंगल्यात, शिरले. तिथल्या भूगर्भाच्या नकाशावर त्यांना दुर्ग भागात लोखंडाची खूण दिसली. पुढे टाटांचा पोलादाचा कारखाना भलतीकडे उभा राहिला, तरी सरकारी साहेब वेळेवर न भेटण्याचे फायदे मोजायला बसलं तर हा त्यातला मोठा म्हणावा. आणि पोलादातलं ऑक्सिजन-गंधकाचं दुखणं आवरायला जे मँगनीज लागतं, ते मनसर-कांद्रीच्या खाणींतून आजही निघतं. त्या खाणी चालवणाऱ्या ‘मॉइल’चं मुख्यालय नागपुरातच आहे. तेव्हा मालवणच्या कुठल्याशा सुरीत आमच्या मातीचा कण आधीच पोहोचलेला असेल, मामाने कुरिअर करण्याआधी.

शेवटी ४२० जातीच्या पोलादाची पाठवली. कार्बन कमी, क्रोमियम तेरा टक्क्यांच्या आसपास. धार लवकर उतरते, पण दगडावर चार हात फिरवले की परत येते. भाचीच्या सासूबाईंनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि आपल्या आडाळ्याकडे, म्हणजे विळीकडे, वळल्या. तो साध्या लोखंडाचा, त्यांच्या सासूच्या वेळचा. बांगडे साफ झाले की गोड्या पाण्याने धुवायचा, लगेच पुसायचा, पात्यावरून खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. एवढ्यावर तो कित्येक पावसाळे काढून बसला आहे. ‘सुरी बरी आसा,’ त्या म्हणाल्या म्हणे, आणि माणसाबद्दल बोलावं तसं पुढचं वाक्य गिळलं.

आता आमचं फोनवरचं बोलणं जरा लांबतं. पूर्वी हवापाणी, तब्येत, ‘बाकी काय’ इथे ते संपायचं. हल्ली ‘बाकी काय’नंतर मी विचारतो, सुरी पुसून ठेवतेस ना गं?

‘पुसली, मामा. तेलही लावलं. तुम्ही बीपीची गोळी घेतली?’

मी विषय बदलून मँगनीजवर नेतो.