स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी

शाळेत आम्हांला संयुजा, म्हणजे कोण किती बंध जोडतो तो आकडा, शिकवणाऱ्या सरांच्या मते लोखंडाला चारित्र्य नव्हतं. सोडियमची संयुजा एक म्हणजे एक. कॅल्शियमची दोन, ॲल्युमिनियमची तीन, कार्बनची चार. ही सगळी घरंदाज मंडळी, दिल्या शब्दाला जागणारी. लोखंड मात्र एका ठिकाणी दोन सांगतं आणि दुसऱ्या ठिकाणी तीन. तांबं एक आणि दोन, शिसं दोन आणि चार, फॉस्फरस तीन आणि पाच. गंधक तर दोन, चार, सहा अशा उड्याच मारतं. सरांनी तक्त्यात या लोकांसाठी अगदी खाली वेगळा रकाना आखला होता. तो शिकवताना त्यांचा आवाज असा खाली यायचा की गावातल्या कुणाच्या तरी भानगडीबद्दल चाललंय असं वाटावं.

त्यांचे आदर्श म्हणजे शून्यवाले. हेलियम, निऑन, अरगॉन. कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. "यांच्याकडून शिका," असं सर मागच्या बाकाकडे बघून म्हणत.

आता या आकड्यांची मूळ हकिकत अशी की एडवर्ड फ्रँकलंडनं १८५२ साली ही कल्पना मांडली, तेव्हा इलेक्ट्रॉन सापडायला अजून ४५ वर्षं होती. कोण किती जणांना धरून ठेवतो हे त्यानं केवळ तराजूच्या जिवावर ताडलं. मेंडेलीव्हनं १८६९ साली आपली आवर्तसारणी मांडताना अणुभारांच्या जोडीला याच आकड्यांचा आधार घेतला. बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन पुरे करायची ती सुप्रसिद्ध धडपड पुस्तकात आली १९१६ नंतर. म्हणजे आधी आकडे आले, कारण मागाहून. सरांनी आम्हांला आधी छडी दाखवली आणि कारण सांगायचं राहूनच गेलं.

बंगळुरूला बदली होऊन आलो आणि सरांच्या तक्त्यातला तो खालचा रकाना इथे थेट बसमध्ये चढलेला दिसला. दोघांचं बाक. दोघं बसलेले. तिसरा येतो, पिशवी मांडीवर घेतो आणि म्हणतो, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी." जरा सरकून घ्या. सांगण्यात अजिजी नाही आणि दमदाटीही नाही, आणि दोघं सरकतात. बाक तेच, लोखंड तेच, संयुजा दोनाची तीन. पुण्याच्या बसमध्ये हाच प्रयोग केला असता तर आधी बाकावरची पाटी वाचून दाखवली गेली असती.

पण लोखंडाची खरी लीला पाहायला मिळाली ती घरच्या बादलीत. मार्च २०२४चा तो उन्हाळा बंगळुरूकरांच्या चांगलाच लक्षात आहे. पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतली तर पाच हजार रुपये दंड, असा फतवा निघाला होता. आमच्या सोसायटीत कावेरीचं पाणी येईना, टँकरवाला फोन घेईना, तेव्हा जुनी बोअर पुन्हा सुरू केली. सकाळी बादली भरली की पाणी इतकं निर्मळ की तळातली कंपनीची मोहर वाचता यावी. संध्याकाळी त्याच बादलीवर तपकिरी तवंग, तळाला विटकरी गाळ, आणि त्या पाण्यात भिजवलेली बायकोची पांढरी ओढणी कायमची भगवी. प्लंबर म्हणाला, पाइप गंजलाय. सेक्रेटरी म्हणाले, टाकी धुतली नाही. पाइप नवा होता आणि टाकी आदल्याच आठवड्यात धुतली होती.

गोष्ट साधी होती. जमिनीखाली खोलवर हवा नसते. तिथलं लोखंड दोन संयुजेचं असतं आणि पाण्यात निमूट विरघळून राहतं, रंगानं ओळखूच येत नाही. ते वर येतं, बादलीत हवा खातं, ऑक्सिजन त्याचा आणखी एक इलेक्ट्रॉन काढून घेतो. दोनाचं तीन झालं की त्याला पाण्यात राहवत नाही. मग ते गंजाच्या रूपानं तळाशी बसतं. मी हे मीटिंगमध्ये समजावून सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं आणि टाकी पुन्हा धुवायचा ठराव एकमतानं मंजूर केला.

त्याच मीटिंगमध्ये पाणी मऊ करण्याच्या यंत्राचा विषय निघाला. बोअरचं पाणी जड. गिझरच्या कॉइलवर पांढरी पुटं, नळावर डाग, साबणाला फेस नाही आणि तूरडाळ तीन शिट्ट्या झाल्या तरी जागची हलत नाही. या यंत्रात बारीक मण्यांची भुकटी असते, ती सोडियम धरून बसलेली असते. पाण्यातला कॅल्शियम आला की मणी त्याला ठेवून घेतात आणि सोडियम सोडतात. सगळे मणी कॅल्शियमनं भरले की मिठाच्या पाण्यानं धुवायचे, कॅल्शियम बाहेर, सोडियम परत आत. त्यासाठी तळघरात मिठाची पोती लागतात, आणि पोत्यांना पैसे.

आमचे खजिनदार सी.ए. आहेत. एक कॅल्शियम आत येतो तर दोन सोडियम बाहेर का जातात, यावर त्यांनी बोट ठेवलं. त्यांना यात सप्लायरचा हात दिसत होता. मी म्हटलं, त्याची संयुजा दोन, याची एक, एकाच्या जागी दोन द्यावेच लागणार. हिशेब कागदावर करून दाखवला. ४० ग्रॅम कॅल्शियम काढायला किमान ११७ ग्रॅम मीठ, प्रत्यक्षात त्याहून जास्तच. खजिनदारांनी आकडे तपासले, दोन्ही बाजू जुळल्या, आणि वर्षानुवर्षं चाललेल्या त्या यंत्राकडे त्यांनी प्रथमच आदरानं पाहिलं. मीठ मात्र अर्धंच मंजूर झालं.

शून्यवाल्यांचाही या शहराशी जुना घरोबा आहे, हे सरांना ठाऊक असतं तर ते निवृत्तीनंतर इथेच राहायला आले असते. यशवंतपूरकडे जाताना जिला रिक्षावाले अजून टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात ती भारतीय विज्ञान संस्था, तिचे पहिले संचालक मॉरिस ट्रॅव्हर्स. १८९८ साली विल्यम रॅमसेबरोबर त्यांनी लंडनमध्ये काही आठवड्यांच्या अंतरानं क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन असे तीन वायू शोधले. मित्र त्यांना 'रेअर गॅस' ट्रॅव्हर्स म्हणत. जमशेटजी टाटांच्या संस्थेसाठी बंगळुरू ही जागा सुचवली तीही रॅमसेनीच. ट्रॅव्हर्स १९०६ साली संचालक म्हणून नेमले गेले. उभं तारुण्य कुणाशीही संबंध न ठेवणाऱ्या वायूंमध्ये घालवलेला माणूस एकदम कमिट्यांमध्ये येऊन पडला, जिथे प्रत्येकाचे हात दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गुंतलेले. खटके उडायचे ते उडाले आणि १९१४ साली ते मायदेशी परतले.

त्यांच्या झेनॉननं शेवटी काय केलं? मार्च १९६२मध्ये कॅनडात नील बार्टलेटनं त्याला प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडसमोर उभं केलं आणि त्या विरक्त वायूनं मुकाट्यानं बंध जोडला. नारिंगी-पिवळी पूड तयार झाली. ट्रॅव्हर्स ऑगस्ट १९६१मध्ये, नव्वदीला टेकून वारले. सात महिन्यांनी हुकलं. आमचे सर त्यानंतर वीसेक वर्षांनीही झेनॉनची संयुजा शून्यच सांगत होते, आणि आम्हीही शून्यच लिहून पुरे मार्क घेत होतो.

बंगळुरूच्या याच विज्ञान संस्थेत १९३३ साली मुंबईहून एक मराठी मुलगी आली. कमला भागवत. बी.एस्सी.ला मुंबई विद्यापीठात पहिली. वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्रज्ञ आणि याच संस्थेत शिकलेले. थोरली बहीण म्हणजे आपल्या लेखिका दुर्गाबाई. तेव्हा संचालक होते सी. व्ही. रामन, आणि स्त्री विद्यार्थ्यांबाबत त्यांची संयुजा शून्य होती. बाईमाणसाला प्रवेश नाही, विषय संपला. भागवतांच्या घरात विषय असा संपत नसे. मुलीनं रामन यांच्या कचेरीशी सत्याग्रह केला. शेवटी अटी घालून प्रवेश मिळाला: पहिलं वर्ष उमेदवारीचं, सांगितलं तर रात्री उशिरापर्यंत काम, आणि पुरुष विद्यार्थ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. शेवटची अट मुलांना घालायची होती ती चुकून मुलीला घातली गेली असावी. वर्षभरानं रामन यांना काम पसंत पडलं आणि पुढे संस्थेत इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. म्हणजे झेनॉनच्या आधी जवळजवळ तीस वर्षं बंगळुरूत एका मुलीनं शून्याचं काहीतरी करून दाखवलं होतं. कमलाबाई मात्र तो अपमान म्हातारपणीही विसरल्या नव्हत्या, आणि तसं त्या जाहीरपणे बोलल्याही.

गंमत पुढेच आहे. त्या केंब्रिजला गेल्या, बटाट्यावर काम करता करता वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी असतं हे त्यांनी दाखवलं आणि १९३९ साली पीएच.डी. मिळवली. हे सायटोक्रोम-सी म्हणजे मधोमध लोखंडाचा एक अणू बसवलेलं प्रथिन. इलेक्ट्रॉन घेतला की ते लोखंड दोनचं होतं, पुढे दिला की तीनचं. घे आणि दे, दोन आणि तीन, श्वास चालू आहे तोवर अखंड. बटाट्यात हेच, माझ्यात हेच, आणि लोखंडाला नावं ठेवताना आमच्या सरांच्याही पेशीपेशीत हेच चाललं होतं. मल्लेश्वरमच्या सीटीआरमध्ये बेण्णे मसाला डोशातली भाजी खाताना मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, चटणी इकडे सरकवा.

लेक आता नववीत आहे आणि तिलाही तोच तक्ता पाठ करायचा आहे. तिरका गुणाकार तिला झकास येतो: ॲल्युमिनियमचा तीन ऑक्सिजनच्या पायाशी, ऑक्सिजनचा दोन ॲल्युमिनियमच्या पायाशी. म्हणून मी तिला जरा वरच्या इयत्तेचं गणित घातलं. १९८७ साली साऱ्या जगाच्या प्रयोगशाळांना एका काळ्या खड्यानं वेड लावलं होतं. त्यात एक इट्रियम, दोन बेरियम, तीन तांबं, सात ऑक्सिजन. उणे १८० अंशांच्या आसपास थंड केला की त्यातून वीज बिनविरोध वाहते. बंगळुरूत जन्मलेले सी. एन. आर. राव तेव्हा विज्ञान संस्थेचे संचालक होते, तेही आपल्या चमूसह याच शर्यतीत होते. म्हटलं, यातल्या तांब्याची संयुजा काढ.

तिनं मांडलं. ऑक्सिजन सात, प्रत्येकी दोन, झाले चौदा. इट्रियमचे तीन, बेरियमचे चार, मिळून सात. उरले सात, आणि तांबी तीन.

"बाबा, भाग जात नाहीये."

"नाहीच जात."

"मग दोन तांबी दोनची आणि एक तीनचं?"

"बेरजेला चालेल. पण तीनचं नेमकं कुठलं, ते बोट ठेवून दाखवता येत नाही. तो वरचा एक सगळ्यांनी मिळून सांभाळलेला."

तिनं उत्तर लिहिलं: तांब्याची संयुजा २.३३. मोठ्या उत्साहानं वही शाळेत घेऊन गेली. संध्याकाळी परत आणली, तेव्हा त्या आकड्याला लाल गोल होता आणि बाजूला शेरा: उत्तर पूर्णांकात लिहावे.