नसलेल्या एसीबद्दल एक अनावृत पत्र

प्रति,
मा. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर साहेब,
(वर्कशॉपचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर बाकीच्या वर्कशॉपवाल्यांना वाटेल, आमचं का नाही?)

विषय : माझ्या अल्टो गाडीच्या वातानुकूलन यंत्रणेचे निर्जंतुकीकरण करणेबाबत.
संदर्भ : आपले अंदाजपत्रक, रुपये ११,८४०/- फक्त.

महोदय,

गेल्या महिन्यात आपण माझ्या गाडीची ज्या आस्थेनं विचारपूस केलीत, तशी माझी घरातसुद्धा कुणी करत नाही. म्हणून हे आभाराचं पत्र. आपल्याकडच्या मुलीचा फोन आला होता तेव्हा तोंडीच सांगणार होतो. पण तिला फक्त ‘दहापैकी दहा’ हवे होते, तपशील नको होता. तो इथे देतो.

आधी पेशंटची ओळख. मारुती अल्टो, २००९ सालची. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. घेतली तेव्हा पांढरी होती, आता नांदगावच्या धुळीचा जो रंग तोच तिचा. किलोमीटर एकाहत्तर हजार. मॉडेल सगळ्यात खालचं, म्हणजे काचा हातानं फिरवायच्या, स्टीअरिंग दंडाच्या जोरावर वळवायचं, आणि उकडलं तर काच खाली करायची. एसी नाही. कधीच नव्हता. डॅशबोर्डवर त्याच्या बटणाची जागा आहे, पण तिथे कंपनीनं प्लास्टिकचं झाकण लावून दिलंय.

आपल्या अंदाजपत्रकात चौथ्या ओळीवर लिहिलंय, ‘एसी डिसइन्फेक्शन, ९५० रुपये’, आणि पुढे बरोबरची खूण. सातव्या ओळीवर ‘पॉवर स्टीअरिंग ऑइल टॉप-अप’. तिथेही बरोबर. मी विचारलं तर आपण हसून म्हणालात, “सर, ते पॅकेजमध्येच येतं.” आमच्या आजोबांच्या तोंडी सशाच्या शिंगांची गोष्ट असायची. त्या शिंगांना पॉलिश मारून देणारा माणूस मला या वयात भेटला, हे माझं भाग्य.

त्याहून नवल म्हणजे हा कागद प्रिंटरमधून बाहेर आला तेव्हा गाडी अजून अंगणातच उभी होती आणि तिची चावी माझ्या खिशात होती. बॉनेट उघडलेलं नव्हतं. वैद्य नुसता नाडीवर बोट ठेवून रोग सांगतो असं ऐकलंय. आपण तर मनगटसुद्धा मागितलं नाहीत.

साहेब, मी मनमाड जंक्शनला कॅरेज अँड वॅगनमध्ये चौतीस वर्षं काढली. आमचं काम लोकांच्या लक्षात कधी आलं नाही, पण आवाज सगळ्यांनी ऐकलाय. रात्री गाडी थांबली की खालून टण्ण, टण्ण असा आवाज जायचा, झोपेतली माणसं कूस बदलायची. तो आम्ही चाकावर मारलेल्या हातोडीचा आवाज. चाक धड असेल तर घंटेसारखं वाजतं, तडा असेल तर फुटक्या मडक्यासारखं. मग अ‍ॅक्सल बॉक्सवर हात ठेवायचा, तोही पालथा. तळव्याला राठपणामुळे कळत नाही आणि भाजलं तर काम अडतं. बॉक्स तापलेला असेल तर डबा काढून ठेवायचा, मग गाडीत कुणीही बसलेलं असो. आता मशिनं आली, रुळाच्या कडेलाच तापमान मोजतात, चांगलं आहे. पण मशीनसुद्धा आधी मोजतं, मग सांगतं.

रेल्वेत वेळापत्रक नसतं असं नाही. डबा ठरलेल्या मुदतीला कारखान्यात जातोच, धावला असो वा नसो. त्या वेळापत्रकाबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार फक्त एवढीच, की आपल्या वेळापत्रकात माझी गाडी कुठेच नाही.

तर आपण सुचवलेली कामं, क्रमानं नाही, आठवतील तशी.

इंजिन ऑइल साडेतीन लिटर. माझ्या गाडीला तीन लिटरचा डबा पुरून उरतो. जास्तीचा अर्धा लिटर आपण नस्तनपूरला शनिमहाराजांना वाहणार असाल, असं मी धरून चालतो. शनीच्या साडेतीन पीठांत नस्तनपूरची गणना होते, त्यामुळे साडेतीनचा हिशेब शास्त्राला धरूनच आहे.

टायरमध्ये नायट्रोजन. आपण आणि मी श्वासात घेतो त्या हवेतच अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन असतो. स्टेशनरोडचा हवावाला तो पाच-दहा रुपयांत भरतो, वर दोन शब्द बोलतो.

फोम वॉश. आमच्या गावाला गिरणा धरणावरच्या छप्पन्न खेडी योजनेचं पाणी येतं. येतं म्हणजे, येणार असतं. नळाला पाणी कधी आलं हे लोक तिथीसारखं लक्षात ठेवतात. फेसाळलेली गाडी घेऊन मी गल्लीत शिरलो असतो तर शेजाऱ्यांनी नुसत्या नजरेनं ती वाळवली असती.

इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, टेफ्लॉन कोटिंग, उंदीर पळवायचा फवारा. यातला उंदराचा तेवढा खरा निघाला, तेही पुढे सांगतो. मी ‘फक्त ऑइल करा’ म्हणालो आणि त्या क्षणी आपण मला ‘सर’वरून ‘अंकल’वर आणलंत. “अंकल, मग गाडीची गॅरंटी आम्ही नाही घेऊ शकत.” सोळा-सतरा वर्षांच्या गाडीची गॅरंटी आतापर्यंत आपण घेत होतात, हे मला तेव्हाच कळलं. गाडी तशीच घेऊन मी नांदगावला परत आलो.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर आपल्याला वाटेल म्हातारा एकतर्फी लिहितो. गावातले आमचे मिस्त्री आपल्या बरोब्बर उलटे. त्यांचं शास्त्र एका वाक्याचं: “पळतीय ना नाना? मग हात नका लावू.” पंधरा वर्षं मी हे वाक्य वेदवाक्य मानलं, कारण ते फुकट होतं. आपण नसलेल्या गोष्टी दुरुस्त करता, ते असलेल्या गोष्टी करत नाहीत, आणि मी दोघांच्या मधे ऑइल काळं झालं की बदलून कृतकृत्य होत होतो.

आपल्या कागदानं मात्र एक केलं, माझी झोप उडवली. अकरा हजारांची कामं खोटी, हे कळत होतं. मग खरी कोणती? त्या रात्री मी गाडीच्या कप्प्यातली पुस्तिका काढली. कंपनीनं दिलेलं प्लास्टिक अजून अंगावर होतं. आत सोसायटीची पावती, एक वाळलेलं लिंबू आणि नवसाचा नारळ फोडल्याची तारीख. पुस्तिकेत शेवटी दोन तक्ते आहेत. पहिला साधारण वापराचा. दुसरा, बारीक अक्षरात, ‘कठीण परिस्थितीत वापर’ असा: धुळीचे रस्ते, वारंवार थोड्या अंतराच्या फेऱ्या, वगैरे. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. घर ते बाजार समिती, बाजार समिती ते स्टेशन, सुटीत मळा. कांद्याच्या हंगामात ट्रॅक्टरांच्या रांगेमागून पहिल्या गिअरमध्ये. कंपनीच्या दृष्टीनं आम्ही सगळं नांदगाव कठीण परिस्थिती आहोत, आणि इतकी वर्षं कुणी कळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुस्तिका घेऊन मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, “नाना, आता तुम्हीच सांगा काय करायचं.” मी म्हणालो, काही बदलायचं नाही. आधी फक्त उघडायचं.

एअर फिल्टर काढला. मिस्त्रींनी सवयीनं तो टायरवर आपटला. निघालेल्या मातीत मूठभर मेथी पेरता आली असती. उन्हाकडे धरला तर पलीकडचं काही दिसेना. हा आपल्या यादीत नव्हता.

तीन प्लग काढून त्यांनी तळहातावर ओळीनं ठेवले. दोन विटकरी, भाजलेल्या पोळीसारखे. ते म्हणाले, हे निरोगी. तिसरा काजळीनं काळा. काजळीचं कारण शोधताना त्या सिलिंडरची वायर निघाली, उंदरानं कुरतडलेली. म्हणजे उंदीर खरा होता, साहेब, पण तो फवाऱ्याच्या पलीकडे गेला होता. वायर बदलली.

ब्रेक ऑइल. पुस्तिका म्हणते, दर दोन वर्षांनी बदला. मी एकदाही बदललं नव्हतं, हे इथे कबूल करतो. हे तेल हवेतली ओल पीत राहतं, ओल वाढली की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. म्हणजे सपाटीवर कळतच नाही, पण घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला की ते उकळतं, त्यात वाफ धरते आणि पाय खाली जातो तसा जातच राहतो. बाटलीतलं तेल मिस्त्रींनी पांढऱ्या कपात ओतलं. नवीन तेल गोडेतेलासारखं दिसतं. हे कोऱ्या चहासारखं होतं. त्याच्या आदल्याच आठवड्यात याच तेलावर मी नातवंडांना घेऊन कासारीचा घाट उतरलो होतो. तो कप बघून मी काही वेळ बाकावर बसलो.

मागचे ड्रम उघडले. आत गाळ, वाळून पापुद्रे झालेला. २०२१ च्या सप्टेंबरात लेंडी आणि शाकंबरी या दोन्ही नद्या एकदम गावात आल्या होत्या, तेव्हा गाडी अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात होती. पूर ओसरला, पंचनामे झाले, गाडीतला थोडा पूर तसाच राहिला होता.

टायमिंग बेल्ट. हा दातेरी रबरी पट्टा इंजिनाच्या कुशीत झाकणाखाली असतो, त्यामुळे कुणाला दिसत नाही. तो तुटला की इंजिन जागच्या जागी बंद; काही इंजिनांत तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, मग खर्च गाडीच्या किमतीएवढा. माझे किलोमीटर कमी, म्हणून मी निर्धास्त. पण रबराला किलोमीटर कळत नाहीत, वर्षं कळतात. झाकण काढून मिस्त्रींनी पट्टा उलटा वाकवला, तर दातांच्या मुळाशी बारीक भेगा. आपल्या २२ ओळींच्या कागदावर टायर पॉलिश होतं, हा नव्हता.

टायरवरून आठवलं. टायरच्या अंगावर शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या चार टायरांवर १४१६ निघालं, म्हणजे २०१६ चा चौदावा आठवडा. नक्षी भरपूर, रबर मात्र नखानं खरवडलं तर पाटीसारखं. आणि स्टेपनी! एकदाही जमिनीला न लागलेली, अंगावर कारखान्यातले रबरी केस तसेच. आकडे ०६०९. गाडीबरोबर जन्मलेली, कधी न धावलेली आणि तरीही म्हातारी.

पेट्रोलची नळीही बदलली. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आमच्यासारख्या जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग लवकर बदलावे लागतील, असं पेट्रोलियम मंत्रालयानंच २०२५ च्या ऑगस्टमध्ये सांगितलंय. पानेवाडीचे तेल डेपो आमच्याच तालुक्यात, इथेनॉलला लागणारा मकाही आम्हीच पेरतो. आमचा मका फिरून आमचीच नळी खाणार असेल तर दाद कुणाकडे मागायची? नळी मात्र स्वस्त आहे.

एकूण खर्च आपल्या अंदाजपत्रकापेक्षा कमी झाला, असं लिहायला मला आवडलं असतं. टायर धरून तो जास्तच झाला. घरच्यांनी विचारलं, एवढा पैसा जुन्या डब्यात? त्यांना नोंदणीचा कागद दाखवला. २०२४ साली गाडीला पंधरा वर्षं भरली तेव्हा मालेगावला जाऊन पुन्हा नोंदणी केली. २०२२ च्या एप्रिलपासून या नोंदणीची फी सहाशेची पाच हजार झालीय, वर पर्यावरण कर. सरकारनं तिला पाच वर्षं दिलीत. ती फुकट घालवणाऱ्यातला मी नाही.

तेव्हा साहेब, आपली माझ्याकडे काही थकबाकी नाही. पुढच्या खेपेला मी आपल्याकडे येईनही, कारण अलाइनमेंटचं मशीन आमच्या मिस्त्रींकडे नाही आणि नव्या टायरांना ते लागतं. फक्त त्या दिवशी चावी घेतल्यानंतर प्रिंटर चालू करावा, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
एक अंकल, नांदगाव

प्रत माहितीसाठी : मिस्त्री. (वाचून दाखवली. म्हणाले, “आता पळतीय ना? मग हात नका लावू.”)

ता. क. : आमच्या सौ.नी आपल्या अंदाजपत्रकाची चौथी ओळ वाचली. त्यांचं म्हणणं, वर्कशॉपवाल्यांना गाडीत एसी सापडला असेल तर तो नेमका कुठे आहे तेवढं कळवावं. गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं शोधून दमलो.