पुतण्याने लावलेले दिवे

पितृपक्षात गाडी घेऊ नये, पण बघायला काय हरकत आहे, असा शास्त्रार्थ आमच्या पुतण्याने काढला आणि आम्ही चौघे शोरूमला गेलो. पुतण्या, त्याचे वडील म्हणजे माझे थोरले बंधू, पुतण्याचा ओतूरचा एक मित्र आणि मी. मी निवृत्त मास्तर, म्हणून कागद वाचायला मला नेले होते. किती वजन ओढते आणि हप्ता किती बसतो, हे दोनच प्रश्न भाऊ घरून घोकून आला होता. पुतण्या मात्र आत शिरल्याशिरल्या पिकअपच्या तोंडासमोर उकिडवा बसला, बंपरमधल्या एका गोल काळ्या झाकणावर त्याने टिचकी मारली आणि विचारले, "हितं काय हाय?"

"ती फॉग लॅम्पची जागा आहे सर."

"मग लॅम्प?"

"लॅम्प वरच्या व्हेरियंटला. ह्याला जागा दिलीये."

घर दाखवणारा एजंट जसा भिंतीतल्या भोकाकडे बोट करून 'एसीची जागा दिलीये' म्हणतो, तसेच ते वाक्य होते. पुतण्या बराच वेळ त्या झाकणाकडे बघत राहिला. गाडीला डोळ्यांच्या खोबण्या आहेत आणि डोळे नाहीत, हे त्याच्या मनाला लागले. वरच्या व्हेरियंटचा फरक ऐकून भावाने चहाचा कप खाली ठेवला. पण खरा घोटाळा पैशांचा नव्हताच. वरचे मॉडेल मागवावे लागणार, दीड महिना लागणार. खालचे यार्डात उभे होते, दसऱ्याला हार घालून नेता आले असते. दिवे आणि मुहूर्त असा सामना झाला आणि आपल्याकडे अशा सामन्यात कोण जिंकतो ते सांगायला नको.

कोटेशनचा कागद मी पेपर तपासावा तसा तपासला. एक्स-शोरूम, विमा, आरटीओ आणि त्याखाली 'अॅक्सेसरीज किट' अशी एक गोल रक्कम. किटमध्ये काय काय, म्हणून विचारले. रबरी मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, वासाची बाटली आणि डॅशबोर्डवर लुकलुकणारा गणपती. म्हणजे दिवा होता, पण तो गणपतीला. उठता उठता सेल्समनने आवाज खाली आणून सांगितले, "बाहेरून वायरिंग तोडलं तर वॉरंटी जाईल हां." त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते की हे वाक्य तो प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येकजण दुसऱ्या दिवशी वायरिंग तोडतो.

आमचा भाग जुन्नर तालुक्याचा. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे वीस-वीस किलोचे क्रेट उतरतात, आळेफाट्याला आणि ओतूरला कांदा येतो, आणि यातले बरेचसे रात्रीतून वाशीला पोचायचे असते. आता हे सगळे पिकअपवर चालते. २००५ साली टाटांचा एस आला, लोकांनी त्याला 'छोटा हत्ती' म्हटले, तेव्हापासून जो तो चार चाकांवर आला. आमची पिकअप त्या हत्तीहून थोरली. दिवसा ही ड्रायव्हर मंडळी बाजारभावावर बोलतात. २०२३च्या जुलैत क्रेट दोन हजारांच्या वर गेला होता, ती गोष्ट तर रामायणासारखी सांगतात. पण रात्री गाडी भरेपर्यंत जो रिकामा वेळ असतो, त्यात विषय एकच: फोकस. कोणाचा किती लांब जातो, कोणी प्रोजेक्टर बसवला, कोणी टपावर पट्टी टाकली, कुठे केवढ्याला मिळाली. गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावची यात्रा कमिटी सुपारी ठरवायला येते. एकदा मीही आमच्या कमिटीबरोबर गेलो होतो. बोलणी गायनावरून सुरू झाली आणि "लायटिंग किती हाय?" इथे येऊन अडली. त्यामुळे ड्रायव्हर लोकांना मी नावे ठेवत नाही. उजेड मोजून घ्यायची सवय आमच्या मातीतच आहे.

पुतण्याने दसऱ्याला खालचे मॉडेल आणले आणि आठवड्याच्या आत 'जागा दिलीये'ची जागा भरली. इलेक्ट्रिशियनचे दुकान म्हणजे टपरीच, पण आत दिव्यांची खोकी छतापर्यंत. "वायर कापायची न्हाय तात्या, कपलर टाकतो. कंपनीच्या बापाला कळायचं न्हाय," असे त्याने मला आश्वासन दिले. मी कंपनीच्या बाजूचा आहे असे त्याला का वाटले कोण जाणे. मग त्याने मूळचा हॅलोजन बल्ब बाहेर काढला, आणि त्या संध्याकाळी मी जे पाहिले ते इतकी वर्षे विज्ञान शिकवून पाहिले नव्हते.

बल्ब त्याने कागदात धरला होता. काचेला बोट लावायचे नाही. हाताचे तेल लागले की त्या जागी काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. आत दोन तारा: साठ वॅटची एक, लांबच्या फोकसची, आणि पंचावन्नची दुसरी, डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक एवढीशी वाटी. नखाएवढी. ती खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे आरशाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर प्रकाश पडतो आणि तिथून तो खाली रस्त्यावर येतो. शिवाय त्या वाटीची एक कड तिरपी कापलेली. तेवढ्या तिरपेपणामुळे उजेडाची रेष डाव्या अंगाला जरा वर चढते, म्हणजे कडेने जाणारा माणूस, सायकल, बैलगाडी दिसावी. आणि उजव्या अंगाला खालीच राहते, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये. समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाचा एवढा विचार कोणीतरी त्या नखभर पत्र्यात करून ठेवला होता. इलेक्ट्रिशियनने तो बल्ब कागदासकट माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "टाकून द्या, जुना माल हाय." मी खिशात टाकला.

त्या जागी आला सहा हजार केल्विनचा पांढराशुभ्र एलईडी. हे 'सहा हजार के' मंडळी बैलजोडीच्या किमतीसारखे उच्चारतात. के हा रंगाचा आकडा आहे, ताकदीचा नाही, असे मी एकदा सांगून पाहिले. "मग आमचा रंग तरी भारी हाय का न्हाय?" असे उत्तर मिळाले. मी पुन्हा बोललो नाही.

परीक्षा कुठे घ्यायची? आमच्या शाळेच्या भिंतीवर. त्या भिंतीवर पाढे रंगवलेले आहेत. माझ्याच काळात लोकवर्गणीतून ते काम झाले, आणि अकरा ते तीस पाढे पोरांपेक्षा ड्रायव्हरांना जास्त उपयोगी पडतील असे तेव्हा वाटले नव्हते. रात्री दहाला चहावाल्याच्या टपरीपासून पंचवीस पावलांवर चार पिकअप ओळीने उभ्या राहिल्या. नियम साधा: जागेवरून एकोणतिसाचा पाढा कोणत्या ओळीपर्यंत वाचता येतो.

पुतण्याचा एलईडी लागला आणि पाढा एकोणतीस दाहे दोनशे नव्वदपर्यंत लख्ख दिसला. त्याच्या वरची शाळेच्या नावाची पाटी दिसली. तिच्या वरची कौले दिसली. कौलांतली कबुतरे उठून निघून गेली. टाळ्या पडल्या. आळ्याच्या गड्याने त्याहून मोठा प्रताप केला. त्याच्या टपावरच्या पट्टीने मागच्या पिंपळाचे पान न पान मोजता आले. ओतूरकराचा प्रोजेक्टर मात्र शहाणा निघाला, सरळ रेषेत कापल्यासारखा. शेवटी अण्णांची पाळी आली. अण्णा या सगळ्यांत थोरले, गाडी जुनी, दिवे कंपनीचे, पिवळसर. त्यांचा डिपर लागला आणि उजेड सातव्या ओळीवर थांबला, डावीकडे जरासा वर चढला, बस. पोरे हसली. अण्णांनी गाडी बंद केली आणि विडी पेटवत म्हणाले, "वरचं मला काय करायचंय? मला रस्ता बघायचाय, कबुतरं न्हाय."

हॅलोजनसाठी घडवलेल्या आरशात दुसराच दिवा कोंबला की उजेड असा सैरावैरा पळतो. आरसा त्या तारेच्या नेमक्या जागेसाठी बनवलेला असतो. हे मी खिशातला बल्ब काढून पुतण्याला समजावले. त्याने ऐकून घेतले. काका शिक्षक असले की पुतण्यांना ऐकून घ्यायची सवय असते.

यात आणखी एक गंमत वजनाची. मागे माल भरला की गाडी मागून बसते आणि नाक वर करते. मग डिपरसुद्धा झाडांच्या शेंड्यांवर नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत. यासाठी काही गाड्यांना डॅशबोर्डवर शून्य ते तीन आकड्यांचे एक छोटे चाक असते; फिरवले की दिवे मान खाली घालतात. पुतण्याच्या गाडीलाही आहे. माल भरल्यावर तीनावर ठेवायचे. तो शून्यावर ठेवतो, कारण त्याला ते एसीचे वाटले होते आणि या मॉडेलला एसी नाही.

दिवे बदलल्यापासून रेडिओही बिघडला. हेडलाईट लावली की एफएमवर खरखर. हलक्या एलईडीची ड्रायव्हर सर्किटे असली खरखर हवेत सोडतात. मला हसू आले ते यासाठी की आमच्या शेजारीच खोडदला जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, काही खोडदला दाटीने आणि बाकीच्या वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर पार लांबच्या शिवारांपर्यंत. ती उभारणाऱ्या गोविंद स्वरूपांनी ही जागा निवडली त्यामागे इथली शांतता हेही एक कारण होते. रेडिओच्या कानाला ऐकू येणारा गलबला इथे कमी होता. आकाशगंगांची कुजबूज ऐकायला माणसे तिथे रात्र-रात्र बसतात आणि त्यांच्या कुंपणाबाहेरून आमचा पुतण्या खरखरत वाशीला जातो.

फॉग लॅम्पची कसोटी माळशेजला लागली. पावसाळ्यात त्या घाटात ढग रस्त्यावरच मुक्कामाला असतात. पुतण्याने सगळे दिवे एकदम लावले. "तात्या, म्होरं पांढरी भिंत हुबी राहिली," तो म्हणाला. धुके म्हणजे पाण्याचे थेंब. जितका उजेड जास्त आणि जितका वर, तितका तो थेंबांवरून परत आपल्याच डोळ्यांत. पिवळा दिवा धुके भेदतो असे सगळे म्हणतात. फ्रान्समध्ये तर महायुद्धाच्या आधीपासून १९९३पर्यंत गाड्यांना पिवळे हेडलाईट सक्तीचे होते. पण थेंबांना रंगाचे फारसे कौतुक नसते. फॉग लॅम्पची करामत त्याच्या रंगात नाही, बसण्याच्या जागेत आहे: खाली, बंपरमध्ये, रुंद आणि बुटका उजेड. म्हणजे ती 'जागा' खरोखरच मोलाची होती, सेल्समन बिचारा खरे बोलला होता. पुतण्याने वरचे सगळे बंद करून खालचे दोन ठेवले आणि एका एसटीच्या मागे-मागे घाट उतरला.

दिव्यांची भाषा हा निराळाच विषय. समोरच्याने अपर-डिपर मारला तर 'मी येतोय, थांब' की 'पुढे पोलीस आहेत' की 'अरे, ओळखलंस का?' हे ज्याचे त्याने ठरवायचे. पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर तो वळतोय की 'या पुढे' म्हणतोय, यावर तर अण्णांचेही मत ठाम नाही. या भाषेतला एक शब्द माझ्या डोळ्यांदेखत मेला. पूर्वी दिवसा कोणाचा हेडलाईट चालू राहिला की समोरचा माणूस पाची बोटांची चोच करून उघड-मीट करायचा. १ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचे दिवे कायम चालूच यायला लागले. पहिली दोन वर्षे लोकांनी चोची केल्या, मग हात दमले.

गाडीवर रेडियम मात्र भावाने स्वतः उभे राहून लावून घेतले. पुढे पांढरे, कडेला पिवळे, मागे लाल. पासिंगला लागते म्हणून नव्हे. उसाच्या हंगामात रात्री बंद पडून उभ्या असलेल्या ट्रॉल्या त्याने पाहिल्या आहेत. क्युरी दांपत्याने १८९८ साली शोधलेल्या रेडियमचा त्या पट्टीत कणही नसतो, पण आमच्याकडे अंधारात चमकणारे ते सगळे रेडियम, आणि आडनाव काहीही असो, ते चिकटवणारा रेडियमवाला.

परवा रात्री पुतण्याला एका नाक्यावर थांबवले. त्याला वाटले, झाले, एलईडीची पावती फाटणार. हवालदाराने पुढच्या दिव्यांकडे पाहिलेसुद्धा नाही. बहुधा पाहवले नसावे. तो सरळ मागे गेला. मागची नंबर प्लेट हाय सिक्युरिटी, होलोग्राम असलेली, लेझरने आकडे कोरलेली, आणि तिच्यावर उजेड पाडणारा बारका बल्ब गेलेला. पाढ्यांच्या भिंतीवर या बल्बाची परीक्षा कोणी घेतली नव्हती. समज देऊन सोडले.

नवा बल्ब मीच आणून दिला. पाच वॅटचा, वीस रुपये. दोन स्क्रू काढून बसवायचा असतो. पंधरा दिवस झाले, तो त्या लुकलुकणाऱ्या गणपतीशेजारी पुडीत तसाच ठेवलेला आहे.